एकशे चौऱ्याहत्तर ठिपके

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा मंगळवार. एकूण घागरी सहाशे अकरा. हजर : कचेरीच्या पाणीखात्याचे ओव्हरसियर साहेब, त्यांचा शिपाई, त्याच कचेरीत कारकून असलेले माझे वडील, शेजारच्या जानकीकाकू, हौदाचं पाणी बघणारे याकूब चाचा, झाडून सगळा मोहल्ला, आणि मांडीवर वही घेऊन हौदाच्या काठावर बसलेली मी. वय तेरा. त्या सहाशे अकरापैकी एकशे चौऱ्याहत्तर घागरी खोट्या होत्या. हे मला माहीत होतं, कारण त्या मीच लिहिल्या होत्या. मोहल्ल्याविषयी लिहिते आहे म्हटल्यावर माझा धाकटा भाऊ म्हणाला, ‘‘ताई, सगळं लिही, पण ते घागरींचं प्रकरण गाळ. जुन्या माणसांची शोभा कशाला?’’ मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मधली पायरी गाळलेल्या पोराला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. तेव्हा गाळणार नाही.

बुधवाऱ्याच्या बाजारातून लोधीपुऱ्याकडे निघालं की डाव्या हाताला एक गल्ली आत वळते, ती आमची. नाव छोटा हौद. बाहेरची माणसं येऊन आमच्या हौदाचे फोटो काढतात आणि बादशाही काळाच्या गोष्टी सांगतात. मला त्या गोष्टींचा राग येतो. हौद कोणत्या बादशहाने बांधला हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या पायरीवर धुणं नाही, दुसऱ्या पायरीवर घासलेली घागरच टेकवायची, पाण्यातल्या माशांना भाकरीचा चुरा टाकायचा पण बाहेर काढायचं नाही, हे शिकवलं होतं. डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून एक वाट येते, तिच्यावर विहिरींसारख्या कुंड्या आहेत, आणि तिथलं पाणी खापराच्या नळाने आमच्या हौदात पडतं. पाणी पडण्याचा तो आवाज आमच्या गल्लीचं घड्याळ होता. त्याच्या जोडीला गल्लीच्या त्या टोकाकडून मोमीन विणकरांच्या मागांची खटखट, मधल्या गुजराती शेठच्या घरातली घंटा आणि आमच्या टोकाला जात्यांची घरघर. मोहल्ल्याची मोजणी आम्ही दारांनी करत नव्हतो, चुलींनी करत होतो. एका दाराआड दोन सुना वेगळ्या निघाल्या की दोन चुली. दारं एकोणीस, चुली चौतीस. त्यातली एक याकूब चाचांची.

याकूब चाचा पन्नाशीचे, काटक, आणि पायाने जरासे फेंगडे होते. कुंडीत उतरून उतरून पाय असे झाले म्हणायचे. त्यांच्या घराकडे बापजाद्यांपासून एकच काम होतं. आमच्या पाण्यात चुना फार. वर्षभरात नळाच्या आत त्याचा दगडासारखा थर धरतो, वर गाळ बसतो. आखाजीच्या आधी चाचा कुंडीत उतरत, छिन्नीने तो थर फोडत, गाळ टोपल्यांनी वर काढत. त्याबद्दल पैसा नाही. दर चुलीमागे वर्षाला एक पायली ज्वारी. चुली तेहतीस, त्यांची स्वतःची सोडून. ज्वारी तेहतीस पायली. आणि कोणाच्या घरी मांडे झाले तर पहिला मांडा त्यांच्या घरी. त्यांचा भाऊ फाळणीत कराचीला गेला. हे का नाही गेले असं विचारलं तर म्हणत, ‘‘वहाँ मेरे नाम की कुंडी नहीं है ना.’’

मग प्रांत मोडले. कचेरीच्या कागदांच्या माथ्यावरचं नागपूर गेलं आणि भोपाळ आलं. दादा, म्हणजे माझे वडील, इतकी वर्षं मराठीत लिहीत होते, ते आता हिंदीत लिहू लागले. बाजारात नवे पैसे आले आणि आई प्रत्येक भाजीवाल्याशी दोनदा भांडू लागली, एकदा जुन्या हिशेबाने आणि एकदा नव्या. मात्र आमच्या गल्लीतली गडबड त्याच्याही दोन वर्षं आधी सुरू झाली होती. तेव्हा कोणीतरी सांगितलं की घरोघर नळ येऊन राहिले. बस्स. पाणी आता सरकारच देणार, मग चाचांना ज्वारी कशाला? त्या आखाजीला कोणी दिली नाही. पुढच्या आखाजीला कोणाला आठवलं नाही. तिसरी समोर येऊन ठेपली. नळ आले नव्हते. चाचा मागायला आले नाहीत आणि कुंडीत उतरलेही नाहीत. ओट्यावर बसून बिडी ओढत राहिले. हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज बारीक होत गेला, आणि रोज ऐकणाऱ्याला तो बारीक होताना कळत नाही.

त्या चैत्रात एका सकाळी हौदाच्या भिंतीवर नोटीस लागली. हौद निरुपयोगी झाल्याने बुजवण्यात येईल, त्या जागी मालाच्या गाड्या उभ्या राहतील, रहिवाशांनी बुधवाऱ्याच्या कोपऱ्यावरच्या सरकारी नळाचं पाणी भरावं. सही साहेबांची. पण अक्षर दादांचं. दादांचं अक्षर शहरात कोणीही ओळखावं असं होतं. गल्लीतल्या निम्म्या लग्नपत्रिकांचे मायने त्यांनी लिहिले होते. जानकीकाकू घागर कमरेवर घेऊन थेट आमच्या दारात आल्या. बाई विधवा, घरात तीन मुली, पापड लाटून त्यांनी दोघींची लग्नं केली होती, आणि त्यांचा आवाज हौदापलीकडे ऐकू जायचा.

‘‘भाऊजी, बाहेर या बरं जरा. अक्षर पाहून आली मी तुमचं. मोत्यासारखं हो! गळ्यावर सुरी फिरवावी तर अशी सुबक.’’

दादा शर्टाची बटणं लावत म्हणाले, ‘‘मी लिहिणारा आहे, वहिनी. सांगणारा वेगळा.’’

‘‘हो ना. आणि मरणारा अजून वेगळा. माझी पोर माहेरी येऊन राहिली आखाजीला, ओली बाळंतीण. तिच्या अंघोळीला मी बुधवाऱ्याहून पाणी आणू का तुमच्या टाकाने?’’

दादांनी शेवटचं बटण लावलं आणि ते कचेरीला निघाले. त्या दिवशी जेवायला बसले तर ताटाशेजारी तांब्या नव्हता, एक फुलपात्र होतं, तेही अर्धं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, भरपूर मिरचीचा ठेचा. त्यांनी आईकडे पाहिलं. आई रावेरकडची, ती भांडताना आवाज चढवत नसे. ‘‘सवय करून राहिली मी,’’ ती म्हणाली, ‘‘तुमच्याच नोटिशीप्रमाणे.’’ दादांनी तो ठेचा निमूट संपवला. डोळ्यांतून पाणी आलं, पण दुसरं फुलपात्र मागितलं नाही.

मोहल्ल्याने अर्ज केला. साहेब स्वतः येऊन पाहून गेले. त्यांना कढईतून नुकती काढलेली मावा जिलेबी दिली, त्यांनी पाच खाल्ल्या (मी मोजल्या) आणि मग हात पुसत म्हणाले, ‘‘ठीक है. एक दिन गिन लीजिए. सूरज उगने से डूबने तक पाँच सौ घड़े निकले, तो मैं लिखूँगा कि हौज चालू है. नहीं निकले तो बहस नहीं.’’ मोजणार कोण? साहेबांना कारकुनाची मुलगी चालत होती, मोहल्ल्याला मोहल्ल्याची मुलगी चालत होती. ती एकच होती आणि वर्गात गणितात पहिली होती. दादांनी मला आपली लांब वही, दौत आणि टाक दिला. मोजणीची रीत त्यांनीच शिकवलेली : चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. आणि एक नियम. ‘‘जिथे शंका असेल तिथे रेघेवर ठिपका द्यायचा. खोडायचं नाही, सोडायचं नाही. ठिपका देऊन पुढे जायचं.’’

पहाटेपासून बायका येऊ लागल्या. तांब्याच्या, पितळी, मातीच्या घागरी. आखाजी जवळ आल्यामुळे घरोघर माहेरवाशिणी होत्या, झोके बांधलेले, सांजोऱ्यांचा वास सुटलेला. पाणी भरताना गाणी म्हटली जात होती आणि प्रत्येक बाई मला ‘‘लिहिलं का वं?’’ विचारून जात होती. दुपार होईपर्यंत आकडा तीनशेच्या पुढे गेला. मग दुसरी पायरी उघडी पडली. मग तिसरी. नळातून येणारं पाणी करंगळीएवढं. हौदाच्या तळाशी मासे एका कोपऱ्यात गोळा झाले. एक घागर भरायला इतका वेळ लागू लागला की रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, आणि रांगेतल्या बायका रिकाम्या परत जाऊ लागल्या. त्यांचं काय करायचं हे दादांनी सांगितलं नव्हतं. मी समासात प्रत्येकीची एक फुली मारत गेले.

जानकीकाकूंनी माझ्या खांद्यावरून वहीत पाहिलं. त्यांना रेघा मोजता येत होत्या. त्या उठल्या, त्यांच्या चार-पाच जणींच्या कानात काही बोलल्या, आणि गंमत सुरू झाली. पुढच्या पायऱ्यांवरून घागर भरायची, माझ्यासमोरून मिरवत न्यायची, गुजराती शेठच्या बोळातून हौदाच्या मागच्या अंगाला जायचं, तिथून पाणी परत हौदात ओतायचं. तेच पाणी पुन्हा पुढून भरायचं. सुरुवातीला मला कळलं नाही. मग एक पितळी घागर, काठाला पोचा आलेली, सातव्यांदा समोरून गेली. मागून छप्पकन आवाज आला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसले. का हसू नये? साहेबाने जिलेबी खाऊन आमच्यावर अट घातली होती. मी रेघ मारली, आणि हात आपोआप वर गेला आणि तिच्यावर ठिपका पडला.

हे असंच संध्याकाळपर्यंत चाललं असतं तर कदाचित मी पुढे तोंड उघडलं नसतं. पण रांगेत जुबेदा होती. याकूब चाचांची नात, माझ्याहून वर्षाने लहान, कमरेवर मातीची घागर. तिची पाळी आली तेव्हा जानकीकाकूंच्या मैत्रिणीने तिला कोपराने बाजूला सारलं, ‘‘थांब वं, मोजणी चालू आहे ना!’’ ती थांबली. पुन्हा पाळी आली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती थांबली नाही. माझ्याकडे पाहिलं, रिकामी घागर उलटी करून डोक्यावर ठेवली आणि गेली. जे पाणी गोल गोल फिरत होतं त्यातल्या एका घागरीने तिच्या घरची चूल पेटली असती. मी तिची फुली मारली. ती फुली अजूनही वहीत वाकडी आहे.

सूर्य मावळताना साहेब आले. शिपायाने कंदील धरला, दादा कागद घेऊन उभे राहिले. मी बेरीज सांगितली : सहाशे अकरा. मोहल्ल्याने एवढा गलका केला की मागांची खटखट थांबली. साहेबांनी वही हातात घेतली, पानं उलटली आणि विचारलं, ‘‘ये बिंदी क्या है? इतनी सारी?’’

‘‘शाईचे डाग, साहेब!’’ जानकीकाकू पटकन म्हणाल्या. ‘‘पोर आहे. टाक झटकून राहिली दिवसभर.’’ आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला फक्त मान हलवायची होती.

‘‘डाग नाहीत,’’ मी म्हणाले. ‘‘या घागरी बाहेर गेल्या आणि मागून परत हौदात आल्या. एकशे चौऱ्याहत्तर.’’

 कोणीतरी मागून म्हणालं, ‘‘बापाच्या वळणावर गेली.’’ साहेब हसले. ‘‘शाबाश. मतलब असली चार सौ सैंतीस. पाँच सौ नहीं हुए.’’ आणि ते दादांकडे वळले. ‘‘लिखो.’’

‘‘थांबा,’’ मी म्हणाले. साहेबाला ‘थांबा’ म्हणणारी मुलगी त्या गल्लीत त्याआधी झाली नव्हती, म्हणून ते थांबले असावेत. ‘‘समासातल्या फुल्या तुम्ही मोजल्या नाहीत. शहाण्णव बायका रांगेत उभ्या राहून रिकाम्या गेल्या. चारशे सदतीस आणि शहाण्णव, पाचशे तेहतीस. हौद लोकांना नको झालेला नाही, साहेब. पाणी पुरलं नाही. आणि पाणी पुरलं नाही कारण नळात तीन वर्षांचा चुना आहे. तीन वर्षं याकूब चाचा उतरले नाहीत, कारण तीन वर्षं आम्ही त्यांची ज्वारी दिली नाही. आमच्या घरानेसुद्धा.’’

शेवटचं वाक्य मी दादांकडे पाहून बोलले. ते कागदावर वाकलेले होते. ओट्यावरून याकूब चाचांचं खोकल्यासारखं हसू ऐकू आलं. ‘‘सुन लो, साब. मेरा हिसाब इस लड़की के पास है, मुझे तो याद भी नहीं था.’’ त्यांना पुरेपूर आठवत होतं.

साहेब कंटाळले होते. डासही चावत होते. ‘‘तो साफ करवाइए ना भाई! आठ दिन बाद फिर गिनेंगे, पाँच सौ निकले तो हौज रहेगा. बस?’’ असं बोलून ते निघणार, तोच दादांनी कागद पुढे केला. साहेब बोलत होते तेवढ्यात त्यांनी ते वाक्य शब्दाला शब्द उतरवून घेतलं होतं, त्याच मोत्यासारख्या अक्षरात, खाली सहीची रेघ आखून. ‘‘साहब, दस्तखत.’’ साहेबांनी दादांकडे असं पाहिलं की मला आजही ते पाहणं आठवतं. पण भोवती सगळा मोहल्ला होता आणि कंदील नेमका कागदावर होता. त्यांनी सही केली. पुढच्या महिन्यात दादांची बदली असीरगढच्या रस्त्यावरच्या नाक्यावर झाली, आणि नोकरी संपेपर्यंत ते केळीच्या गाड्या मोजत राहिले. या दोन गोष्टींचा संबंध मला सिद्ध करता येत नाही, म्हणून मी तो लिहीत नाही. फक्त दोन्ही गोष्टी लिहिते. त्या रात्री ताटाशेजारी भरलेला तांब्या होता, एवढंही लिहिते.

माझ्याशी मात्र मोहल्ला बोलेना. झोक्यावर बसायला गेले तर मुली उतरून जात. जानकीकाकू मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, ‘‘हरिश्चंद्राची नात आली, पदर सावरा.’’ मी झोक्यावर एकटी बसले आणि उंच झोके घेतले. चाचा म्हणाले, आधी माझं धान्य, मग मी खाली. कोणीतरी म्हणालं, अर्धं आता घ्या, अर्धं पाणी आल्यावर. चाचा म्हणाले, ‘‘आधा नल खोलूँ?’’ दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पहिली पायली भरली. तीन पायल्या, हौदाच्या काठावर, सगळ्यांसमोर. मग विणकर आले, ज्यांच्या घरात स्वतःलाच ज्वारी पुरत नव्हती. मग शेठ आला, त्याने गहू आणले, चाचांनी परत पाठवले : ठरलीय ती ज्वारी. मग त्यानेही ज्वारी आणली. मी त्याच वहीत कोरं पान उघडून लिहीत होते. बत्तीस चुली, शहाण्णव पायल्या. एक चूल राहिली. चाचांनी जानकीकाकूंच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं, छिन्नी उचलली आणि दोन पुतण्यांना घेऊन कुंडीत उतरले.

चार दिवस टोपल्या वर येत होत्या. गाळ काळा, आणि त्यात पांढरे तुकडे, आतून नळाच्या गोलाईचे, जाडजूड भाकरीच्या काठासारखे. एक तुकडा माझ्याकडे अजून आहे. त्याच्यावर तीन रेषा आहेत. चाचांनी दाखवल्या होत्या, वर्षाची एक. आखाजीच्या दिवशी आमरसाची पातेली भरत होती तेव्हा जमिनीखालून गुरगुर आली. सगळ्या गल्लीने हातातलं टाकलं. नळातून आधी वारा सुटला, मग गढूळ गुळणी, आणि मग असं पाणी पडलं की काठावरची पोरं भिजली. पुढच्या मंगळवारी मी पुन्हा मोजलं. पाचशे सत्तेचाळीस. ठिपका एकही नाही, फुली एकही नाही. जुबेदाने सहा घागरी नेल्या. साहेबांनी बेरीज स्वतः ताडून पाहिली आणि कागद दिला. मालाच्या गाड्या दुसरीकडे उभ्या राहिल्या. पुढे दहा-बारा वर्षांनी घरोघर नळ आलेच, पण हौद बुजवला नाही. उन्हाळ्यात नळ कोरडे पडतात तेव्हा फोटो काढणाऱ्यांना बाजूला सारून आजही आमच्या गल्लीतल्या सुना तिथे घागर टेकवतात, दुसऱ्या पायरीवर.

त्या दुसऱ्या मोजणीनंतरच्या दिवशी दुपारी मी हौदापाशी वही वाळवत बसले होते. पानांवर पाणी उडालं होतं. जानकीकाकू आल्या. डोक्यावर टोपली, मागे बाळंतीण लेक. याकूब चाचा ओट्यावरून उठले. काकूंनी टोपली खाली ठेवली, पायली घेतली आणि एक, दोन, तीन अशा भरून चाचांच्या गोणीत ओतल्या. प्रत्येक पायलीवर शीग होती, सांडेपर्यंत.  चाचांनी गोणीचं तोंड बांधलं. जाताना काकू माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं आता ऐकावं लागणार.

‘‘लिही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि ठिपका दिलास तर बघ.’’

मी लिहिलं. तेहतीस चुली, तीन वर्षं. एकूण नव्व्याण्णव पायली ज्वारी, याकूब चाचांना पोहोचली.